मोटार भरताना वेढे आणि तार मोजून घ्या



गव्हाला एकविसावा दिवस, मुकुटमुळं फुटायची वेळ, आणि बोअरची पाच एचपी मोटार जळाली. हे पाणी चुकलं की फुटवे कमी येतात, नंतर कितीही पाणी दिलं तरी ती भर निघत नाही. अशा घाईत आपण मोटार दुकानात टाकतो आणि एकच विचारतो, "उद्या मिळंल का?"

आमच्याकडं दिवसा व्होल्टेज ३३० पर्यंत उतरतं. मोटारीच्या पाटीवर ४१५ आहे. मोटारीची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे ३३० ला ६३ टक्क्यांच्या आसपासच राहते. म्हणून वाइंडर म्हणाला, "दादा, लो व्होल्टेजची भरून देतो. वेढे कमी, तार जाड. ३०० ला पण उचलंल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आमची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री भार कमी झाला की तेच व्होल्टेज ४३० ला जातं. कमी वेढ्यांच्या मोटारीला एवढं व्होल्टेज दिलं की स्टेटरच्या पत्र्यांची चुंबक धरायची कुवत संपते आणि ती भरमसाट करंट खेचते. दिवसा तगलेली मोटार रात्री जळायची. ज्याची लाईन बारा महिने कमीच असते त्याला हे चालेल, मला नाही.

शिवाय जळण्याचं कारणच वेगळं निघालं. मोटार स्टार जोडणीची. उघडली तर दोन फेजच्या कॉईल काळ्या, तिसरी कोरी. म्हणजे एक फेज गेली होती. डीपीवर एक फ्यूज उडालेला सापडला, आणि स्टार्टरचा रिले वेळेत पडला नव्हता. तिथं लो व्होल्टेजच्या वाइंडिंगनं काय होणार? मोटार मूळ मापानं भरली आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवला. गव्हाला चोविसाव्या दिवशी पाणी मिळालं.

मूळ माप काढायचं तर जुनी कॉईल फेकायच्या आधी वेढे मोजा. तारेवरचं प्लास्टिकचं आवरण सोलून उघडं तांबं मायक्रोमीटरनं मोजा. मोटार आधी कुणी भरली असेल तर हे माप कंपनीचंच असेल असं नाही, मग कंपनीचा तक्ता मागा. समजा ०.९ मिमीच्या जागी ०.८ ची तार गेली. डोळ्याला फरक कळत नाही, पण तांबं २१ टक्के कमी आणि रोध सव्वापटीच्या वर. तेवढ्याच करंटला उष्णताही तेवढ्याच पटीनं वाढते.

विहिरीवरच्या मोनोब्लॉकला वार्निश असतं. जुनी कॉईल सैल करायला काही ठिकाणी स्टेटर सरळ आगीत घालतात. तसं करू देऊ नका. पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळलं की नवी तार कितीही चांगली असो, पत्रेच तापतात. पाण्याच्या सबमर्सिबलला वार्निश नसतं, तिथं जाळायची गरजच नाही.

बुश आणि थ्रस्ट बेअरिंग बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बुश झिजला असेल तर रोटर स्टेटरला घासतो आणि नवं वाइंडिंगही जातं.

मोटार ताब्यात घेताना आणि सोडताना एवढं करा:

– तिन्ही फेजचा रोध सारखा आहे का बघा.
– ५०० व्होल्टच्या मेगरनं बॉडीशी तपासा. एक मेगओहमच्या खाली असेल तर घेऊच नका, नवं वाइंडिंग त्याच्या कितीतरी वर दाखवतं.
– मोटारीत स्वच्छ पाणी भरा, हलवून हवेचे बुडबुडे जाऊ द्या, मगच बूच लावा.
– केबलचा जॉइंट नवा करा.
– चालू झाल्यावर तिन्ही वायरींचे अँपिअर मोजा. ते जवळपास सारखे आणि पाटीवरच्या आकड्याच्या आत हवेत.
– पाणी कमी वाटलं तर दोन फेज अदलाबदल करून बघा, मोटार उलटी फिरत असेल.

वेढे, तारेचं माप आणि तारीख स्टार्टरच्या पेटीत आतून लिहून ठेवा. पुढच्या वेळी वाइंडर दुसरा असला तरी माप तुमच्याकडं असंल.