जमिनीवर बसून बघितलेली शाळा

शाळेचा नकाशा हाती आला की मी आधी खिडकीचं सिल बघतो. बहुतेक वेळा ते जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर, म्हणजे तीन फुटांवर असतं. कचेरीत टेबल-खुर्ची असते, तिथे ते बरोबर आहे. पण जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत पहिली-दुसरीची मुलं अजून बस्करावर बसतात. मांडी घातलेल्या सहा वर्षांच्या पोराचे डोळे दोन फुटांच्याही खाली येतात. त्याला खिडकीतून दिसतं ते नुसतं आभाळ. ते एक वेळ चालेल, पण वाराही त्याच्या डोक्यावरून जातो. उकडतं पोरांना आणि झुळूक मिळते उभ्या असलेल्या गुरुजींना.

मी सिल दीड फुटावर घेतो. लगेच कंत्राटदार म्हणतो, "साहेब, पोरं बाहेर उड्या मारतील." खरंच मारतील. म्हणून ग्रिल लावायचं, पण उभ्या सळ्यांचं. आडव्या सळ्या दिल्या की पोरं त्यावरून वर चढलीच. सळ्यांमधलं अंतर चार इंचांच्या आत ठेवायचं आणि सिलवर कडप्पा टाकून त्याची कड गोल घासून घ्यायची. एवढं केलं की मधल्या सुट्टीत डबा उघडून बसायला हक्काची जागा होते. बाकाचे पैसे वाचतात हे मी अंदाजपत्रकात लिहीत नाही, पण तोंडी जरूर सांगतो.

उन्हाचंही असंच. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डिसेंबरात दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला बेताचा छज्जाही पुरतो. पश्चिमेला मात्र छज्जा कितीही लांब काढा, कललेलं ऊन त्याच्याखालून आत येतंच. त्या बाजूला वर्ग न देता जिना, साहित्याची खोली किंवा कडुनिंब द्यावा. हे काही नवं ज्ञान नाही, आपल्या गवंड्यांना ते पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही तालुक्याच्या गावी पश्चिमेला अख्खी काच लावलेल्या सरकारी इमारती उभ्या राहतात. आत जावं तर त्या काचेला आतून जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली!

सगळ्यात अवघड असतं छप्पर. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळपर्यंत ती धग खाली सोडत राहतो. पत्र्याला आपण नावं ठेवतो, पण फ्रान्सिस केरे यांनी बुर्किना फासोतल्या गांडो या आपल्या गावी २००१ मध्ये बांधलेली प्राथमिक शाळा पाहिली की दोष पत्र्याचा नाही हे कळतं. तिथे वर्गावर सच्छिद्र विटांचं छत आहे आणि पत्रा त्याच्या वर बराच उचलून, लोखंडी सळ्यांच्या कैच्यांवर ठेवलेला आहे. वर्गातली गरम हवा छतातून वर जाते आणि मधल्या मोकळ्या पोकळीतून निघून जाते. भिंतींच्या विटा मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेल्या, आणि कामाला हात लावले गावकऱ्यांनी. केरेंना २०२२ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की या शाळेतली एकही वस्तू दुरुस्त करायला शहरातून माणूस बोलवावा लागू नये.

आपल्याकडे कोपरगावचं माया सोमैया ग्रंथालय आहे, समीप पडोरांचं. पातळ विटांच्या थरांची कमान जमिनीतून उठते आणि मुलं तिच्यावरून चालत पलीकडे उतरतात. छपरावर चढू नका असं तिथे कुणाला ओरडावं लागत नाही. ग्रंथालयाशी मुलांची पहिली ओळख त्याच्या पाठीवर चढून व्हावी, हे मला फार आवडतं.

माझ्या कामात इतकी मोकळीक क्वचितच मिळते. माझी गाठ असते सरकारी दरसूचीशी, म्हणजे प्रत्येक कामाचे दर ठरवून दिलेल्या यादीशी. दरसूचीत नसलेली बाब घातली की वेगळं दर विश्लेषण जोडा, मंजुरीची वाट बघा, आणि निधी कमी पडला की कात्री पहिली तिलाच. म्हणून उचललेला पत्रा किंवा विटांच्या जाळीची भिंत मी वेगळी दाखवत नाही. कैच्या लोखंडी कामात, पत्रा पत्र्याच्या कामात आणि जाळीची भिंत वीटकामात, अशा त्या बाबी विभागून टाकतो. वीटकामाला सहसा कुणी हात लावत नाही.