येझदी का टिकली?

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचं उत्पादन 1996 साली थांबलं, तरी तिची येझदी मोटरसायकल अजून रस्त्यावर दिसते. याचं श्रेय लोक जुन्या आठवणींच्या उमाळ्याला देतात. मला मात्र कारण तिच्या रचनेत दिसतं. टू-स्ट्रोक इंजिनाला ना व्हॉल्व्ह, ना कॅमशाफ्ट. हेडचे नट सोडले की सिलिंडर समोर. तो झिजला असेल तर लेथवाल्याकडून बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालायचा, इग्निशनच्या पॉइंटमधली फट गेजने जुळवायची. बाकीचं बरंचसं काम घरच्या पान्यांनी उरकतं. उघडता येतं, म्हणून टिकतं.

यावर पहिला आक्षेप धुराचा, आणि तो खरा आहे: पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, शिवाय थोडं मिश्रण न जळताच बाहेर पडतं. म्हणून ही गाडी रोजच्या दगदगीसाठी नाहीच. अधूनमधून काढावी, तीही नीट बांधलेली. दुसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल करू देत नाही. ही मर्यादा मला रास्तच वाटते. सायलेन्सर कापून फटफटाट वाढवायला इंजिन कळावं लागत नाही. ते मूळ मापांवर परत आणायला मात्र कळावंच लागतं. नाही कळलं आणि ठिणगीचं टायमिंग फार पुढे गेलं, तर किक उलटी येऊन पायालाच हिशेब विचारते.