हात वर कर, मी थांबते

दाढ ठणकायला लागली की आमच्या घरी आधी लवंगेच्या तेलाची बाटली निघायची. १९८६ साल, कराड. मी एकोणीस वर्षांची. आजी तेलात कापसाचा बोळा बुडवून अक्कलदाढेवर दाबायची, वर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. शेजारच्या काकू बजावायच्या, "दाढ काढू नकोस गं, डोळे अधू होतात." दाढ काढल्याने नजर जात नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. त्या धास्तीत पंधरा दिवस गेले. गाल सुजला, तोंडात दोन बोटंही जाईनात, तेव्हा अण्णांनी सायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं.

तिथे स्टोव्हवर स्टीलच्या डब्यात काचेची सिरिंज आणि सुया उकळत होत्या. बाकावर बसून तो खळखळाट ऐकतानाच माझे तळहात गार पडले. डॉक्टर मनाने चांगले, पण बोलणं मोजकं. "तोंड उघड," एवढंच. इंजेक्शनने ओठ जड झाला, तरी दाढ हलवताच कळ मस्तकात गेली. कंपाउंडरमामांनी डोकं धरलं होतं, अण्णांनी हात. घरी सगळे म्हणाले, पोर नाजूक आहे. मलाही ते खरंच वाटलं.

गेल्या महिन्यात पुण्यात लेकीची अक्कलदाढ काढायची ठरली. एक्स-रेत ती आडवी पडून पुढच्या दाढेला टेकलेली दिसत होती. लेकीला भीती घातली ती काकूंनी नाही, रात्री दोनपर्यंत मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओंनी. "आई, मला पूर्ण झोपवूनच काढायला सांग."

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी तिचं सगळं ऐकून घेतलं, मग कागदावर जबडा काढून समजावलं. पहिला मार्ग, तेवढीच जागा बधिर करायची: जाग राहते, दाब कळतो, दुखत नाही. भीती फार असेल तर जोडीला नाकावरच्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड. "अमेरिकेत हार्टफर्डला होरेस वेल्स नावाच्या दातांच्या डॉक्टरांनी ११ डिसेंबर १८४४ला हाच वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती," त्या म्हणाल्या. किंवा शिरेतून गुंगीचं औषध; मग घरी न्यायला सोबत माणूस हवं. पूर्ण भूल द्यायची तर हॉस्पिटल, भूलतज्ज्ञ आणि आधी किमान सहा तास जेवण बंद.

न राहवून मी विचारलं, "मग माझं एवढं का दुखलं होतं?"

"सूज होती ना काकू? पू झालेल्या जागी आम्लता वाढते, तिथे औषध नीट चढत नाही. म्हणून शक्यतो आधी सूज उतरवतो."

लिग्नोकेन १९४३मध्येच स्वीडनमध्ये तयार झालं होतं. बधिर करायचं औषध माझ्या वेळीही होतंच. मी नाजूक नव्हते. एवढं कळायला मला चाळीस वर्षं लागली.

लेकीने पहिला मार्ग निवडला. आधी हिरडीला जेल, मग सावकाश इंजेक्शन. "जरा धडधडेल, औषधात अॅड्रेनलिन आहे. दोन-चार मिनिटांत थांबेल. आणि डावा हात वर केलास की मी थांबते." लेकीने दोनदा हात वर केला. डॉक्टर दोन्ही वेळा थांबल्या. दुसऱ्यांदा थोडं औषध वाढवलं.

घरी आल्यावर तिला आइस्क्रीम दिलं, स्ट्रॉ बाजूला ठेवली, दिवसभर चूळ भरू दिली नाही. माझ्या वेळी काकूंनी वाटीभर पेज आणली होती. धास्ती घालणाऱ्या काकूंचीच ती माया. ती आज फार आठवली. अण्णांचा ऊबदार तळहातही आठवला. मी हलू नये म्हणून त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांच्या हातात तेवढंच होतं. त्यांच्या नातीचा हात मात्र मोकळा होता, हवा तेव्हा वर करायला.