रिछाईचे घर सोडताना

जबलपूर शहरातून अधारतालच्या बाजूला गेले की रस्त्याची जात बदलते. बाजारपेठेची गजबज मागे पडते आणि ट्रकची वर्दळ सुरू होते. राणी दुर्गावतीचे मंत्री आधारसिंह यांच्या नावाने ओळखला जाणारा तलाव याच भागातला. १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठही येथेच. याच बाजूला रिछाईची औद्योगिक वसाहत आहे. पत्र्याची छपरे, लेथ मशीनची घरघर, लोखंडाच्या कापाचा वास आणि फाटकापाशी चहाची टपरी असे तिचे रूप. पर्यटकांच्या नकाशावर भेडाघाट असतो, रिछाई नसते. पण अनेकांचे सारे आयुष्य या भागात गेले आहे.

त्याचे कारण कारखाने. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, खमरियाची आयुध निर्माणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आणि व्हेईकल फॅक्टरी १९६९ सालची. लष्करासाठी 'शक्तिमान' ट्रक आणि 'जोंगा' जीप बनवणाऱ्या या कारखान्याने कित्येक घरांत चूल पेटवली. विदर्भातून माणसे येत ती गोंदियाहून, नैनपूरमार्गे, 'छोटी लाइन'च्या गाडीने. सातपुड्याच्या जंगलातून डुलत जाणारी ती नॅरोगेज आता राहिलेली नाही, तिथे ब्रॉडगेज आली आहे. तसे नाते त्याहूनही जुने. १८१७पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते आणि १९५६पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. त्यामुळे या शहरात मराठी माणूस परका कधीच नव्हता.

रिछाईलगतच्या वस्तीतल्या एका घरातली ही हकिकत. अशी घरे आज गावोगावी आहेत.

अंगणातले वृंदावन

घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी एकट्या. पती भंडाऱ्याकडून व्हेईकल फॅक्टरीत फिटर म्हणून आले, निवृत्त झाले आणि काही वर्षांपूर्वी गेले. मुलगा पुण्यात, मुलगी नागपुरात. आजींची मराठी हिंदीच्या वळणाने जाणारी. शेजारची मुले त्यांना 'मराठीवाली अम्मा' म्हणतात. अंगणात तुळशीवृंदावन, मागे पेरूचे झाड, स्वयंपाकघरात आता क्वचितच वापरात येणारा पाटा-वरवंटा.

एका रात्री आजी न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड मोडले नाही, पण सकाळी दूधवाल्याने हाक मारीपर्यंत त्या तिथेच बसून होत्या. फोन खोलीत आणि त्या न्हाणीत!

मुले धावत आली. मुलगा म्हणाला, "आई, आता पुण्याला चल." पण त्याच्या घरी सकाळी आठला कुलूप लागते ते रात्रीच उघडते. सातव्या मजल्यावर दिवसभर एकटीने बसायचे, तर रिछाई काय वाईट? मग पुण्यातल्या एका ज्येष्ठ निवासाची गोष्ट निघाली. मुलाने माहितीपत्रक आणले होते, सुनेने खोलीसुद्धा पाहून ठेवली होती.

आजींनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "सगळं ठरलंच आहे, तर मला सांगता कशाला? विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं."

त्या वाक्याने घरात शांतता पसरली. चूक कोणाचीच नव्हती, काळजीच होती. पण काळजीच्या भरात आपण आईवडिलांचे सामान उचलावे तसे त्यांनाही उचलू लागतो, हे तेव्हा लक्षात आले.

वृद्धाश्रम की निवास?

'वृद्धाश्रम' हा शब्द ऐकला की अजूनही पोटात कालवते. निराधारांना आसरा देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्यातली 'निवारा' ही संस्था एकोणिसाव्या शतकापासून ते काम करीत आली आहे. पण अलीकडे वाढलेली ज्येष्ठ निवासे वेगळी. पुण्यातील 'अथश्री'सारख्या वसाहतींत ज्येष्ठांचे स्वतःचे बिऱ्हाड असते, सोबतीला समवयस्क शेजार असतो. काही निवासांत आंघोळीला, औषधे घ्यायला, चालायला मदतनीस मिळतात. मुले असूनही तिथे राहणे म्हणजे टाकून दिले जाणे नव्हे, हे घरातल्या सर्वांना आधी पटले पाहिजे.

आजींच्या घरी मग नव्याने बोलणे सुरू झाले. लेकीने कागद-पेन्सिल घेतली. आईला एकटीने काय जमते, कशाला मदत लागते, हे आईनेच सांगितले. ठरले असे, की आधी एक महिना राहून पाहायचे. घर विकायचे नाही, भाड्यानेही द्यायचे नाही. आवडले नाही तर परत यायचे आणि रिछाईतच दिवसरात्रीची बाई ठेवायची.

निवास पाहताना काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. रात्री परिचारिका असते का? न्हाणीघरात धरायला दांडा आणि खाटेजवळ घंटी आहे का? अनामत रक्कम परत मिळते का, केव्हा? अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात की घरी न्या म्हणतात? जेवणाच्या वेळी न कळवता जाऊन बसावे. ताटापेक्षा जेवणाऱ्यांचे चेहरे जास्त सांगतात.

कागदपत्रांचीही घाई करू नये. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दर वर्षी द्यायचा हयातीचा दाखला २०१४पासून 'जीवन प्रमाण' पद्धतीने कुठूनही देता येतो. घर मुलांच्या नावे करायचेच असेल, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३नुसार अशी अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. याच कायद्याने साठीपुढच्या पालकांना निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

दोन पेट्या आणि एक रोप

निघण्याआधी आठ दिवस आवराआवर चालली. काय न्यायचे हे आजींनी ठरवायचे, मुलांनी फक्त बांधायचे. पाटा-वरवंटा शेजारच्या काकींना गेला. देव्हारा, पतीचा फॅक्टरीच्या गणवेशातला फोटो, दोन नऊवारी आणि रोजची पितळी वाटी पेटीत गेली. सुनेने नवी वाटी घेऊ म्हटले, तेव्हा आजी हसल्या, "अगं, नवीन जागेत हाताला काहीतरी ओळखीचं लागू दे."

शेवटच्या संध्याकाळी सगळी ग्वारीघाटावर गेली. आजींनी नर्मदेत दिवा सोडला आणि एक छोटी बाटली भरून घेतली.

जबलपूरहून इटारसी, भुसावळ, मनमाड असा हा लोहमार्ग जुना. १८७०मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून आलेले रूळ जबलपुरातच जोडले गेले. त्या वाटेने आजी निघाल्या. मांडीवर डब्यात तुळशीचे रोप होते.

पहिले चार दिवस त्या फारशा बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मुलाला फोनवर म्हणाल्या, "इथल्या वरणात गूळ घालतात रे! मी स्वयंपाकघरात जाऊन सांगून आले." मुलाला हायसे वाटले. आई तक्रार करू लागली होती, म्हणजे आई तिथे राहू लागली होती.

महिना संपला तेव्हा त्यांनी आणखी दोन महिने मागून घेतले. रिछाईच्या घराची किल्ली मात्र त्यांच्याच कमरेला आहे. शेजारच्या काकी रोज वृंदावनाला पाणी घालतात आणि दर रविवारी त्यांना फोन येतो, "पेरू लागले का गं?"