क्लच किलोमीटरवर झिजत नाही

जड गाड्यांच्या धंद्यात क्लचचं आयुष्य किलोमीटरमध्ये सांगायची पद्धत आहे. एकाची प्लेट वर्षानुवर्षं चालते, दुसऱ्याची सहा महिन्यांत जाते, आणि मग माल डुप्लिकेट होता की ड्रायव्हर कच्चा होता यावर वाद होतो. माझ्या मते वादाचं मूळ मापातच आहे. आमच्या विरारच्या फुलपाड्यात ते रोज डोळ्यांसमोर दिसतं. जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याच्या गल्ल्यांतून पाण्याचे टँकर फिरतात. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं. वळणावर थांबायचं, समोरून रिक्षा आली की थांबायचं, सोसायटीच्या गेटात रिव्हर्स घ्यायचा, बोटभर सरकायचं, पुन्हा थांबायचं. दिवसअखेर मीटरवर फारसं काही चढलेलं नसतं. याउलट विरार फाट्यावरून अहमदाबादच्या दिशेने निघालेला दहाचाकी ट्रक मनोर ओलांडून टॉप गिअरला लागला की बराच वेळ ड्रायव्हरचा पाय क्लचला शिवतही नाही. फ्लायव्हील, प्लेट आणि प्रेशर प्लेट तेव्हा एकजीव होऊन फिरत असतात; आपसात घासत नाहीत, म्हणून झिजतही नाहीत. त्या ट्रकचा शंभर किलोमीटरचा पल्ला प्लेटचं काहीच बिघडवत नाही, आणि टँकरचे चार किलोमीटर तिचा जीव काढतात. क्लच झिजतो तो गाडी उचलताना. मोजायचं ते गाडी किती वेळा उचलली आणि दर वेळी प्लेटवर किती उष्णता ओतली.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक ड्रायव्हरला कळायला हवा. सपाट रस्त्यावर इंजिनचे फेरे एकसारखे धरून क्लच सोडला, तर गाडीला जेवढी गतीची ऊर्जा मिळते, जवळजवळ तेवढीच ऊर्जा प्लेटवर उष्णता होऊन जाते. ही ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाने वाढते. भरलेली गाडी हजार फेऱ्यांवर पहिल्या गिअरला ताशी चारेक किलोमीटरला लागते, दुसऱ्याला सातेकला. म्हणजे दुसऱ्या गिअरवर उचललेली तीच गाडी प्लेट तिप्पट तापवते. पहिल्याच गिअरवर, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबून हजारऐवजी दीड हजार फेऱ्यांवर क्लच सोडला, तर उष्णता सव्वादोन पट. दोन्ही चुका एकत्र झाल्या तर जवळपास सात पट, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गाडी झोकात उचलली. चढावर याहून वाईट. गायमुखच्या घाटात किंवा वर्सोवा पुलाच्या चढावर रांग थांबलेली असताना काही जण ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. गाडी तसूभर पुढे जात नाही आणि इंजिनने दिलेली सगळी ताकद प्लेटवर जळते. हँडब्रेक लावायचा, पहिला टाकायचा, क्लचने गाडी ओढ घ्यायला लागली की ब्रेक सोडायचा. चढावर याला दुसरा पर्याय नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. उतरवलेली प्लेट त्याची साक्ष देते. फेसिंग दोन्ही बाजूंनी सारखं पातळ होऊन रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आलं असेल, रंग मूळचाच असेल, तर ती प्लेट आपलं पूर्ण आयुष्य जगली. फेसिंग अजून जाड आहे, पण काळं पडून काचेसारखं चकाकतंय, जळका वास येतोय, फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या भेगा आहेत, तर ती झिजली नाही, भाजली गेली. मधल्या हबच्या स्प्रिंगा तुटल्या असतील तर क्लच झटक्याने सुटत होता. प्रेशर प्लेटच्या फिंगरची टोकं खोल घासली गेली असतील, रिलीज बेअरिंग कोरडं पडून ओरडत असेल, तर पाय पेडलवर ठेवूनच गाडी चालत होती, नाहीतर सिग्नलला न्यूट्रल न करता क्लच दाबून उभी राहत होती. आणि फेसिंग तेलाने ओलं असेल तर ड्रायव्हरला बोल लावू नये. क्रँकच्या मागचं ऑइल सील आधी बदलावं. गॅरेजमध्ये हा सगळा पुरावा पाच मिनिटांत भंगारात जातो, याचं मला वाईट वाटतं.

ड्रायव्हर म्हणतील, हायवेला एवढा जाम असतो, हाफ क्लचशिवाय गाडी चालेल कशी? काँक्रीटीकरणाच्या काळात वसई फाट्यापासून वर्सोवा पुलापर्यंतच्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना हा प्रश्न फुकाचा वाटणार नाही. पण डिझेल इंजिन आयडलवरही भरलेली गाडी पहिल्या गिअरला पूर्ण क्लच सोडून ओढतं. पुढच्या गाडीला चिकटून दहा वेळा उचलण्यापेक्षा जागा सुटू द्यावी आणि एकदाच उचलून गोगलगाईने चालत राहावं. सुटलेल्या जागेत रिक्षा आणि छोट्या गाड्या घुसतात, हे खरं. घुसू द्याव्यात, चार गाड्या पुढे गेल्याने पुलापलीकडे पोचायला काही तासभर उशीर होत नाही. दुसरा आक्षेप, रिकामी गाडी दुसऱ्यावर उचललेली चालते. चालते, मीही ते चूक म्हणत नाही. रिकाम्या गाडीचं वजन भरलेलीच्या साधारण तिसरा हिस्सा असतं, म्हणून रिकामी दुसऱ्यावर आणि भरलेली पहिल्यावर, दोन्हीची उष्णता सारखीच पडते. घात होतो तो रिकाम्या फेरीची सवय भरल्या फेरीत हातात राहते तेव्हा. 2018 मध्ये धुरीवरचा कायदेशीर भार वाढला, पंचवीस टनांची दहाचाकी अठ्ठावीसच्या घरात गेली. अशा वेळी ही सवय पूर्वीपेक्षा महाग पडते.

मालकांचा आक्षेप वेगळा असतो: प्लेट ही झिजायचीच वस्तू, गेली की बदलू. प्लेटची किंमत ते मोजतात, पण गिअरबॉक्स खाली उतरवायची मजुरी, फ्लायव्हील लेथवर घासून घेणं, गाडी उभी राहिलेला दिवस आणि कसाऱ्याच्या चढावर भरल्या गाडीचा क्लच घसरला तर मागच्या रांगेचं काय होईल, हे मोजत नाहीत. ऑटोमेटेड गिअरबॉक्स आले की प्रश्न मिटेल असंही म्हणतात. त्या गाड्यांतही कोरडी प्लेटच असते, फक्त ती दाबायचं काम यंत्र करतं. ते यंत्र भरली गाडी दीड हजार फेऱ्यांवर उचलत नाही, एवढाच त्याचा शहाणपणा, आणि तो माणसाला शिकवता येतो. मात्र फेरीवर पैसे आणि वर घाईचे फोन असतील तर कोणताही ड्रायव्हर तो पाळणार नाही. जुन्या जोडणीच्या गाडीत फेसिंग झिजतं तसा पेडलचा फ्री प्ले कमी होत जातो आणि शेवटी बेअरिंग फिंगरवर टेकूनच राहतं. तो वेळच्या वेळी तपासून घेणं हेही मालकाचंच काम. म्हणून टँकर आणि डंपरच्या मालकांना माझी विनंती आहे: वहीत किलोमीटरशेजारी फेऱ्या लिहा, आणि पुढची प्लेट बदलाल तेव्हा जुनी भंगारात टाकण्याआधी ड्रायव्हरला बोलावून त्याच्या हातात द्या.