डाव ज्याचा त्यानेच टाकावा

ॲक्शन गेम सुरू केला की बहुतेक वेळा सर्वांत आधी एक यादी समोर येते. सोपं, मध्यम, कठीण. अजून एकही बटण दाबलेलं नसतं, नायकाची तलवार किती लांब पोचते ते ठाऊक नसतं, समोर कोण येणार याचा पत्ता नसतो. नेमकं त्याच क्षणी खेळाडूला स्वतःची कुवत ठरवायला सांगितलं जातं. मी पुण्यात एका छोट्या चमूत कॉम्बॅट डिझाइन करते. त्या यादीमागचा सगळा पसारा माझ्या टेबलावर असतो. शत्रू किती वेळ हात उगारून थांबेल, फटका बसल्यावर किती मागे सरकेल, हवेत किती तरंगेल, किती वारांत मरेल, हे मी ठरवते. या कामात एक गोष्ट मला पुरती पटली आहे. सोप्या पातळीने खेळाडूला वेळ द्यावा, कठीण पातळीने तो काढून घ्यावा. डाव मात्र दोन्हीकडे खेळाडूनेच टाकला पाहिजे.

हे सगळ्यात लख्ख दिसतं ते दिमाखदार लढाईच्या खेळांत. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे कॅपकॉमचा ‘डेव्हिल मे क्राय’, २००१ साली प्लेस्टेशन २ वर आलेला. दिग्दर्शक हिदेकी कामिया. सुरुवातीला तो ‘रेसिडेंट इव्हिल ४’ म्हणून बनत होता. पण नायक इतका चपळ आणि उद्धट होत गेला की त्या भयकथेत तो मावेना, म्हणून त्याला वेगळं नाव मिळालं. त्याच सुमारास कॅपकॉममध्येच ‘ओनिमुशा’ तयार होत होता. त्यात एक बग निघाला : हवेत उडालेल्या शत्रूवर वार करत राहिलं की तो खाली पडतच नसे. ‘ओनिमुशा’च्या दृष्टीने तो दोष होता. कामियाने तो उचलला आणि आपल्या खेळाचा कणा केला. तलवारीने राक्षसाला वर उडवायचं, दोन पिस्तुलांच्या गोळ्यांनी तिथेच तोलून धरायचं, मग उडी मारून पुन्हा तलवार. आजही या प्रकारातला प्रत्येक खेळ त्या एका बगचं देणं लागतो.

दुसरी मोठी कल्पना म्हणजे पडद्याच्या कडेला उमटणारं अक्षर. डी म्हणजे डल, मग कूल, ब्राव्हो, ॲब्सोल्यूट आणि शेवटी एस म्हणजे स्टायलिश. पुढे तिसऱ्या भागात त्यावर डबल एस आणि ट्रिपल एस चढले. तोच तो वार परत परत केला तर अक्षर वर सरकत नाही. मार खाल्ला की घसरतं. शस्त्रं बदलली, जमिनीवरून हवेत गेलात, ऐन गर्दीत थांबून शत्रूला डिवचलंत तर वर चढतं. २०१९ च्या पाचव्या भागात तर संगीतसुद्धा या अक्षराला बांधलं आहे : लढत रंगत जाते तसं गाणं पुढे सरकतं आणि एसवर पोचलात की त्याचं धृपद फुटतं. पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. शत्रू मेला की नाही हा प्रश्न खेळाने बाजूला ठेवला होता. तो कसा मेला, एवढंच तो विचारत होता.

म्हणजे इथे दोन परीक्षा एकाच वेळी चालू असतात. एक जगण्याची, दुसरी सादरीकरणाची. काठिण्यपातळी वरवर पहिलीशी निगडित असते, पण तिचा हात नेहमी दुसरीवरही पडतो. आमच्या धंद्यातली खरी गुंतागुंत इथेच आहे.

पातळ्या बनवायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे आकडे फिरवणं. शत्रूची प्राणशक्ती दुप्पट करा, त्याच्या वाराची इजा दीडपट करा, झाली कठीण पातळी. स्प्रेडशीटमधल्या दोन रकान्यांचं काम. पण दिमाखदार खेळात प्राणशक्ती हा साधा आकडा नसतो. कॉम्बो, म्हणजे सलग वारांची साखळी, रंगवायला शत्रू तेवढा वेळ जिवंत राहावा लागतो. सोप्या पातळीवर तो तिसऱ्याच फटक्यात मेला, तर नवख्याला हवेतला चौथा फटका कधी सापडणारच नाही. त्याला सांभाळून घेता घेता आपण त्याच्याकडून खेळाचा सर्वांत सुंदर भाग काढून घेतो, आणि तो ‘मजा आली नाही’ म्हणत उठून जातो. ‘डेव्हिल मे क्राय’मधला ‘हेवन ऑर हेल’ हा प्रकार हीच गोष्ट टोकाला नेऊन दाखवतो. तिथे एका फटक्यात सगळेच मरतात, तुम्हीही आणि शत्रूही. धमाल येते, पण कॉम्बो उरत नाही. लांबून पिस्तूल चालवलं की काम भागतं. उलट ‘दांते मस्ट डाय’ या वरच्या पातळीवर शत्रू चिवट असतात आणि लढत लांबली की स्वतःच राक्षसी रूप घेऊन आणखी घट्ट होतात. कसलेल्या खेळाडूला तिथे भरपूर जागा मिळते, पण ती फुकट मिळत नाही.

पातळीचं नाव आणि पातळीचा अनुभव यांत किती अंतर पडू शकतं, याचा धडा तिसऱ्या भागाने दिला. २००३ चा दुसरा भाग फार सोपा झाल्याची टीका झाली होती. हिदेआकी इत्सुनो यांच्या दिग्दर्शनाखाली २००५ मध्ये आलेला तिसरा भाग त्याची जणू भरपाईच करत होता. जपानबाहेरच्या आवृत्तीत पातळ्या एक घर वर सरकवल्या गेल्या : जपानमध्ये ज्याला हार्ड म्हणत, ते इतरांना नॉर्मल म्हणून मिळालं. नॉर्मल निवडून बसलेल्या कित्येकांना खेळ सुरुवातीलाच भिंतीसारखा लागला. पुढच्या वर्षीच्या स्पेशल एडिशनमध्ये हे सावरलं गेलं. त्याच आवृत्तीत टर्बो नावाचा पर्याय आला, त्यात सगळा खेळ २० टक्के जास्त वेगाने धावतो. मला ही छोटीशी सोय फार मोलाची वाटते. शत्रू तेच, वार तेच, नियम तेच. बदलतो फक्त विचार करायला मिळणारा वेळ.

आमच्या कामात वेळ मोजायचं माप म्हणजे फ्रेम. खेळ सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असेल, तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. डोळ्यांनी पाहिलं आणि बोटाने बटण दाबलं, एवढ्याला माणसाला सुमारे पाव सेकंद, म्हणजे १५ फ्रेम लागतात. शत्रूने हात उगारल्यापासून वार पडेपर्यंत १२ फ्रेमच दिल्या, तर पाहून वाचणं अशक्य. खेळाडूला आधीच ओळखावं लागेल. २० दिल्या तर सराईत वाचेल. ३५ दिल्या तर पहिल्यांदा कंट्रोलर धरलेला माणूसही वाचेल, आणि वाचला तो स्वतःच्या नजरेने वाचला असेल. चुकवायची क्रिया सगळ्यांसाठी एकच. म्हणून मी पातळ्या बांधायला बसते तेव्हा इजेच्या रकान्याला शेवटी हात लावते. आधी ठरवते उगारण्याचा वेळ, मग दोन हल्ल्यांमधली उसंत, मग एका वेळी किती शत्रूंना वार करायची परवानगी असेल ते. कॅमेऱ्याबाहेरच्या शत्रूला मी सोप्या पातळीवर गप्प बसवते. खेळाडूचं बटण किंचित लवकर दाबलं गेलं तरी ते लक्षात ठेवून योग्य क्षणी वार सोडायचा, ही मुभाही तिथे थोडी सैल ठेवते.

तालमीत वस्ताद नव्या पोराशी धरतो तेव्हा नेमकं हेच करतो. तो अंग सैल टाकून पडत नाही. तसं केलं तर पोराला काहीच शिकता येणार नाही. तो आपला वेग उतरवतो, पाय क्षणभर जास्त उघडा ठेवतो आणि वाट पाहतो. पट काढायचा तो पोरानेच. वस्तादाने त्याचे हात धरून पट काढून दिला, तर जिंकल्याचा आनंद त्या पोराच्या अंगात उतरत नाही.

म्हणूनच पहिल्या भागातल्या ‘ईझी ऑटोमॅटिक’बद्दल माझ्या मनात दोन विचार आहेत. तो खेळ सुरुवातीला पातळी विचारत नाही. तुम्ही मरू लागलात की सोपी वाट पुढे करतो. हे मला आवडतं, कारण तोवर खेळाडूला निदान काय निवडायचं ते कळलेलं असतं. पण त्या वाटेवर कॉम्बो खेळच लावून देतो. एकच बटण दाबत राहा, पडद्यावर नायक देखणा लढतो. पाहायला छान, पण बोटांना काहीच उमगत नाही. पाचव्या भागात हीच मदत वेगळा पर्याय म्हणून ठेवली आहे आणि खेळता खेळता ती चालू-बंद करता येते. ही सुधारणा मला मनापासून पटते. ज्यांची बोटं दुखतात, ज्यांना एक हात वापरता येत नाही, ज्यांना फक्त कथा पाहायची आहे, त्यांच्यासाठी अशी मदत असलीच पाहिजे. ती शत्रूच्या ताकदीशी जखडलेली मात्र नसावी. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये तर खेळाचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो, आणि ती सोय घेणाऱ्याला खेळ एका शब्दाने हिणवत नाही. ‘निंजा गायडन ब्लॅक’मध्ये सोप्या पातळीचं नाव होतं ‘निंजा डॉग’ आणि ती घेणाऱ्या नायकाला फीत बांधून हिंडावं लागे. असं लाजवणं मला कधीच मान्य झालं नाही. शिकायला आलेल्याचा अपमान करून कोणतीच कला वाढत नाही.

वरच्या पातळ्यांचा प्रश्न निराळा आहे. इजा वाढली की माणूस भितो, आणि भ्यायलेला माणूस सुरक्षित तेच करतो : लांब राहायचं, एक वार, मागे सरायचं, परत एक वार. खेळ जितका जीवघेणा, तितकी लढत कंटाळवाणी होत जाते. या सापळ्यातून सुटायचा उपाय एकच : जे सर्वांत सुंदर, तेच सर्वांत शहाणपणाचं ठरेल असे नियम रचायचे. ‘डेव्हिल मे क्राय’च्या तिसऱ्या भागातला ‘रॉयलगार्ड’ याचा नमुना आहे. वार अंगावर येऊ द्यायचा आणि तो लागण्याच्या नेमक्या क्षणी अडवायचा. अडवलेला जोर साठतो आणि तोच एका तडाख्यात शत्रूवर परत सोडता येतो. शत्रू जितका आक्रमक, तितकं तुमचं भांडवल मोठं. इथे वरची पातळी खेळाडूला मागे ढकलत नाही, पुढे बोलावते.

कामियाने २००९ मध्ये ‘बेयोनेटा’त हाच विचार पुढे नेला. शेवटच्या क्षणी वार चुकवला की काळ मंदावतो, त्याला ‘विच टाइम’ म्हणतात. सगळा खेळ तुम्ही त्या मंद क्षणांवर जगता, आणि सर्वांत वरच्या पातळीवर चुकवून मिळणारी ती उसंतच काढून घेतली जाते. पण चुकवतानाही वाराचं बटण दाबून धरलं तर तुटलेला कॉम्बो जिथे होता तिथून पुढे चालू ठेवता येतो, ही युक्ती पहिल्यापासून खेळाडूच्या हातात असते. खाली तिच्याशिवाय चालून जातं, वर तीच तारते. कठीण पातळीने खेळाडूकडे मागणी करावी ती अशी, त्याला जवळच असलेली पण न वापरलेली गोष्ट वापरायला लावणारी.

काठिण्य किती प्रामाणिकपणे उघड करता येतं, हे शिंजी मिकामींच्या २००६ मधल्या ‘गॉड हँड’ने दाखवलं. पडद्यावर एक मापक असतो : एक, दोन, तीन आणि शेवटी ‘डाय’. चांगलं खेळलात की तो चढतो आणि शत्रू चवताळतात. मार खाल्लात की उतरतो. अनेक खेळ हे गुपचूप करतात. इथे ते डोळ्यांसमोर होतं, आणि वरच्या आकड्यावर मारलेल्या शत्रूंचं बक्षीसही मोठं असतं. चढलेला मापक पाहून घाबरावं की अभिमान वाटावा, या द्विधेत खेळाडू दोन्ही भावना एकत्र अनुभवतो. मी नवी लढत रचते तेव्हा याच मिश्र भावनेचा शोध घेते.

आमच्याकडे ही कला नवी आहे. पुण्यातल्याच नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला, त्यात राजी नावाची मुलगी खांबाला धरून गिरकी घेते, भिंतीवर धावते आणि तिथून शत्रूंवर झेपावते. आपल्या गावात बसून कुणी तरी भिंत आणि खांबसुद्धा लढाईत ओढले, हे पाहून मला बळ मिळालं. नव्या मुलांना मी सांगते, चाचणीला कुणी खेळायला बसलं की पडद्याकडे कमी आणि त्याच्या बोटांकडे जास्त बघा. तो हरतोय की जिंकतोय यावरून पातळी ठरवू नका. न वापरलेलं बटण आज त्याने आपणहून दाबलं का, ते पाहा. दाबलं असेल तर पातळी बरोबर जुळली आहे, मग तो दहा वेळा मेला असला तरी.

अशी पातळी जुळत गेली की खेळाडू कुठवर जातो, ते ‘डेव्हिल मे क्राय’च्या पाचव्या भागातल्या ‘व्हॉइड’ नावाच्या सराव-दालनात दिसतं. तिथे शत्रूला हल्ला करायला मनाई करता येते. जगण्याची परीक्षा तिथे उरतच नाही. तरीही सगळ्या पातळ्या पार केलेली माणसं तिथे तासन्‌तास घालवतात. हवेतल्या शत्रूवर पाय रोवून पुन्हा उडी घ्यायची, तेवढ्यात अर्धवट वार तोडून दुसरा सुरू करायचा, पाय जमिनीला न लावता शस्त्रं बदलत राहायची. काही फ्रेमांची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मेनूतल्या कोणत्याही पातळीपेक्षा हे कठीण असतं, आणि ते कुणी लादलेलं नसतं. खेळाडूने स्वतःच्या डोळ्यांना काय सुंदर वाटतं ते ठरवलेलं असतं आणि तिथवर पोचायचं ओझं आपणहून खांद्यावर घेतलेलं असतं. आम्ही रचलेल्या सोप्या, मध्यम, कठीण पातळ्यांचं खरं काम माणसाला या इच्छेपर्यंत आणून सोडणं हे आहे. तिथून पुढची काठिण्यपातळी त्याने स्वतः लिहायची, आणि ती आमच्यापेक्षा वरचढ असावी अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.