बाटलीवरचा 'ज्ञ'

बर्मिंगहॅमहून ट्रेन पकडायची आणि अर्ध्या-पाऊण तासात बर्टन-अपॉन-ट्रेंटला उतरायचं. आपण कुठे आलोय हे आधी नाकालाच कळतं. हवेत उकडलेल्या धान्याचा दमट वास भरलेला असतो. हे इंग्लंडमधलं बिअरचं गाव!

इथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्यामुळे फिकट, कडवट पेल एल इथे झकास जमायची. १८२० नंतर इथले ब्रुअर्स ती जहाजात भरून कोलकाता-मुंबईला पाठवायला लागले. म्हणजे 'इंडिया पेल एल'मधला 'इंडिया' आपणच, बरं का!

मला इथे ओढून आणणारा माझा मास-कॉमचा बॅचमेट. गेली तीन वर्षं तो इथेच नोकरी करतो. त्याचं नाव छापत नाही, कारण त्याची आजी हा अंक न चुकता वाचते. एवढंच सांगते, नावाची सुरुवात 'ज्ञ'ने होते. इंग्रजीत ते डी-एन-वाय असं लिहितात. ते बघून ऑफिसमधल्या गोऱ्यांनी पहिल्याच दिवशी शरणागती पत्करली आणि त्याचा 'डॅनी' करून टाकला.

गावातलं बिअर म्युझियम २०२२मध्येच बंद पडलंय. म्हणून मग त्याच्या किचनमध्येच मुक्काम ठोकला. तिथे टेबलावर चाळीस तपकिरी बाटल्या रांगेत उभ्या होत्या, त्याने स्वतः बनवलेल्या बिअरच्या. ब्रिटनमध्ये १९६३पासून स्वतःपुरती बिअर घरी बनवायला लायसन्स लागत नाही. फक्त ती विकायची नाही. दोन आठवडे बाटलीत मुरून फेस धरलेली ही बिअर तो सोमवारी ऑफिसला नेणार होता. बाकी होती फक्त लेबलं.

"साधं 'डॅनीज बिअर' लिही की," मी म्हटलं.

"तीन वर्षांत स्वतःच्या हाताने केलेली ही पहिली गोष्ट आहे. तिच्यावर तरी माझं नाव नको का?"

मी गप्प! मग ठरलं, मधोमध एकच मोठा 'ज्ञ' टाकायचा. शेवटी बर्टनच्याच बास कंपनीने काय केलं होतं? नुसता लाल त्रिकोण! तो ब्रिटनमधला पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क, १८७६चा. नोंदणी सुरू व्हायच्या आदल्या रात्री कंपनीचा माणूस कचेरीबाहेरच मुक्काम ठोकून बसला होता, अशी दंतकथा आहे. एदुआर माने या चित्रकाराच्या १८८२च्या प्रसिद्ध चित्रात बारच्या काउंटरवरच्या बाटल्यांवर हाच त्रिकोण दिसतो. कंपनीचं नाव वाचायची गरजच नाही.

आमचा 'ज्ञ' मात्र कॉम्प्युटरलाही झेपेना. डिझाइनच्या सॉफ्टवेअरने त्याचे तुकडे पाडले. आधी 'ज', त्याच्या पायाशी एकटा हलन्त, मग 'ञ'. "बघ, यालासुद्धा मी डॅनीच वाटतो," तो वैतागला. शेवटी जाड मार्करने हाताने अक्षर काढलं, स्कॅन केलं आणि प्रिंट मारली. थंड बाटलीवर पाण्याचे थेंब जमले आणि इंकजेटची शाई वाहायला लागली! 'ज्ञ'ला चक्क अश्रू फुटले. मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन लेझर प्रिंट काढून आणल्या.

रात्री एक वाजता चाळिसावं लेबल चिकटलं. अक्षराखाली बाटली भरल्याची तारीख आणि 'अल्कोहोल ४.८ टक्के'. बस्स. सगळ्या बाटल्या आमच्याकडे तोंड करून उभ्या केल्या. दोघंही बराच वेळ नुसते बघत बसलो.

सोमवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला. "बॉसने विचारलं, हे चिन्ह कसलं? म्हटलं, माझं नाव. पाच मिनिटं प्रॅक्टिस करून 'दन्या' म्हणाला."

"चुकलाच की!"

"अगं, आजी मला 'ज्ञान्या'च म्हणते. जवळपास पोचला!"

तुम्हालाही करून बघायचंय?

- जुनी लेबलं काढायला बाटल्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवा.
- साधा कागद आणि लेझर प्रिंट वापरा.
- गोंद नको, दूध! लेबलच्या मागे ब्रशने दुधाचा पातळ हात फिरवा, चिकटवा, कडेचं पुसून घ्या. दुधातलं केसीन वाळलं की लेबल घट्ट बसतं आणि पुढच्या वेळी कोमट पाण्यात सुटूनही येतं.
- आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. तेव्हा कोकम सरबत किंवा पन्ह्याच्या बाटल्यांवर हौस भागवा. नाव मात्र स्वतःचंच टाका, पूर्ण!